घशाशी येतं तेव्हा

रात्रीचे अडीच. मी पलंगावर ताठ बसलोय. तोंडात आंबट-कडू पाणी, छातीच्या मधोमध निखारा. शेजारी बायको गाढ झोपलेली. जेवलो दोघंही तेच, तेवढंच (बरं, मी थोडं जास्त). तिची झोप बघून मी जळतो, असं मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना तो अलंकार वाटतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, आटोपला कारभार. रिक्षात बसल्या बसल्या मी बायकोला बँकेचे सगळे पासवर्ड सांगून टाकले. ईसीजी निघाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. ॲसिडिटी आहे." मला हायसं वाटलं आणि अपमानही झाला. एवढ्या थाटात आलो आणि निघाली काय, तर ॲसिडिटी! पण डॉक्टर हसले नाहीत. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते, दुखणं नेमकं कुणाचं हे आपलं आपल्याला कळत नाही, तेव्हा छातीत दुखलं की घरी बसून अंदाज बांधायचा नाही, आलात ते बरंच केलंत, असं ते म्हणाले. पासवर्ड मात्र परत घेता आले नाहीत.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटीमीटरची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता घरंगळत नाही, नळी त्याला लाटेसारखी ढकलत नेते. माणूस उलटा लटकून पाणी प्यायला तरी ते पोटातच जातं. तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की उघडायचं, गेला की मिटायचं, बास. माझं हे कडं सैल पडलंय, त्यामुळे जठरातलं आम्ल राँग साइडने वर येतं. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या बाटलीला सर हात लावू देत नसत, तेच. जठराला आतून जाड चिकट अस्तर असतं, त्याला फरक पडत नाही. अन्ननलिकेला ते नाही. ती बिचारी नुसती पोळते.

"गिळताना अडकतं का? शौचाला काळी होते का? वजन उतरलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. शेवटच्या प्रश्नाला बायको खळखळून हसली. डॉक्टरांनी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. हृदयविकार झालेल्या माणसाशी लोक हळू आवाजात बोलतात, ॲसिडिटीवाल्याला जो तो शहाणं करतो. थंड दूध प्या म्हणाले. प्यायलो. अर्धा तास स्वर्ग, मग ते दूध पचवायला जठराने नवं आम्ल काढलं. पुदिना म्हणाले. पुढे कळलं की पुदिना ते कडं आणखीच सैल सोडतो. चहा-कॉफी, चॉकलेट, तळलेलं बंद. एकाने तर मला राग गिळू नका म्हणून सांगितलं. गिळला असता हो, पण खाली राहतोय कुठे!

तीन उशा घेऊन झोपलो तर मान वर आणि पोटाची घडी, म्हणजे जठरावर उलट दाबच. डोक्याकडची बाजूच पलंगासकट १५-२० सेंटीमीटर उचलायची असते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. रोज रात्री डोक्याकडे झोपायचो आणि सकाळी घसरत घसरत पायथ्याशी सापडायचो. डाव्या कुशीवर झोपा, हा सल्ला मात्र खरा निघाला, कारण त्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. फक्त बायको झोपते माझ्या उजवीकडे.

"अहो, रुसलात का?"

"नाही गं, जठर डावीकडे असतं."

काळोखात बराच वेळ कुणीच बोललं नाही.

शेवटी एंडोस्कोपी. घशात कडू फवारा मारला आणि माझी जीभ दुसऱ्याच कुणाची तरी झाली. दातांत प्लास्टिकचं कडं, त्यातून काळी नळी आत. १८६८ साली आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरने सरळ, ताठ नळी जठरात घालून बघण्यासाठी तलवार गिळणारा खेळवाला गाठला होता. माझी नळी वाकणारी होती, तरी मला मनोमन त्या खेळवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडद्यावर स्वतःची अन्ननलिका पाहिली: गुलाबी, ओली, आणि खालच्या टोकाला मांजराने ओरबाडल्यासारखे लाल ओरखडे. रिपोर्टात 'हायटस हर्निया'. म्हणजे जठराचा वरचा तुकडा छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून वर सरकलेला. सरळ अतिक्रमणच.

अल्सर करणारे जंतू मात्र सापडले नाहीत. अल्सर जंतूंमुळे होतो हे सिद्ध करायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली ते जंतू स्वतः प्यायले आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. मी इतकी वर्षं रोज रात्री आम्ल गिळतोय, कुणी साधं विचारत नाही.

गोळी मिळाली. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते. मी दोन महिने ती जेवून, वर ढेकर देऊन घेत होतो. हे ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आता मी साडेसातला जेवतो, म्हणजे झोपेआधी तीन तास मोकळे. दहाला पोटात कावळे ओरडतात. काल दिवा न लावता फ्रिज उघडला. घास नुकताच त्या २५ सेंटीमीटरच्या प्रवासाला निघाला होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"काय खाताय?"

"पाणी पितोय," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

"मग या आता, आणि डाव्या कुशीवर झोपा."