आखाजीच्या आत ओटा

आमच्या अमळनेरच्या घरात वडिलांनी १९८९ साली कडप्प्याचा ओटा घातला. मोजमाप म्हणून त्यांनी मायला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या कोपराखाली चार बोटं सोडून कोळशाने रेघ मारली. रेघ आली २९ इंचांवर. टेप घरात होता, पण टेपला पोळ्या लाटता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मायच्या मापाच्या त्या ओट्यावर पाच फूट चार इंचांची माझी बायको सव्वीस वर्षं वाकून स्वयंपाक करत आली. यंदा आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून मी लाल पेन खाली ठेवतोय न ठेवतोय, तोच ती म्हणाली, "आखाजीला तुमच्या चारही बहिणी येणार. त्याच्या आत हे स्वयंपाकघर माणसांत आणा."

मी नेहमीप्रमाणे दिवाळीचा वायदा केला. त्यावर ती म्हणाली, "याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याची विप्रो झाली. तुपातून कॉम्प्युटर निघाले, अन् तुमच्याच्याने एक ओटा निघत नाही?"

अमळनेरकराला या युक्तिवादावर उत्तर नसतं.

नव्या ट्रॉल्यांचा आकडा ऐकून मी दुकानातच पाणी मागितलं. मग ठरलं की ओटा ग्रॅनाइटचा करायचा आणि कपाटांची जुनी प्लायवूडची दारं रंगवायची. ती मी रंगवणार होतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, ऑइल पेंट काय अवघड आहे, हे वाक्य मी मोठ्याने बोललो. घरात ते आता म्हणीसारखं वापरलं जातं.

दारं अकरा. काढताना प्रत्येकाच्या मागे मी खडूने नंबर टाकला, एक ते अकरा, सुवाच्य अक्षरात. मग रंग धरावा म्हणून फोडण्यांचा तेलकट थर काढायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि सगळी दारं मागूनपुढून घासून लख्ख केली. नंबरही लख्ख झाले. फळा पुसायची तीस वर्षांची सवय.

सनमायका गुळगुळीत. त्यावर नुसता रंग मारला तर नखाने सोलून निघतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने खरवडायचं, मग प्रायमर, मग खड्ड्यांत लांबी (म्हणजे पुट्टी) भरायची, परत पॉलिश पेपर, आणि त्यानंतर रंगाचे दोन हात. सांगायला एक वाक्य लागतं. पाच दारं खरवडून झाल्यावर माझा उजवा खांदा माझ्याशी बोलेनासा झाला.

दारं वाळत घालायची कुठे? अंगणातल्या चारही खाटांवर मायचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात खान्देशात खाटेवर पहिला हक्क बिबड्यांचा, माणसाचासुद्धा नंतर. मी जरा एक खाट मागितली, तर मायने फक्त पाहिलं. शेवटी दारं कडुनिंबाखाली विटांवर मांडली. पारा ४४ वर. भर दुपारी रंग मारला तर वरची साय झटकन वाळते, आतला रंग ओला राहतो आणि सगळं आजीच्या गालासारखं सुरकुततं. हे मला पहिल्या दोन दारांनी शिकवलं. मग मी पहाटे साडेपाचला उठून ब्रश धरू लागलो. पण कडुनिंबाच्या मोहोराला कुणी वेळापत्रक दिलं नव्हतं. मसाल्याच्या कपाटाच्या दारात निंबाचं एक फूल रंगाखाली कायमचं गेलंय. पाहुण्यांना मी ते डिझाइन म्हणून दाखवतो.

रंग बायकोने निवडलेला, पिस्ता. शेडकार्डावर दोन बोटं जागेत तो खरोखर पिस्ता होता. अकरा दारांवर आल्यावर मायने चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "दवाखाना उघाडना शे का?"

इकडे मिस्तरी आला. जुना ओटा "अर्ध्या तासाचं काम, सर" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत छिन्नी मारत बसला. वडिलांनी सिमेंटात कंजुषी केली नव्हती. कडप्पा अखेर दोन तुकड्यांत निघाला, जागोजागी पांढुरके डाग पडलेला. मी मायला समजावलं की कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्याला खातं. ग्रॅनाइटमध्ये तसा चुना नाही, चिंच-लिंबाने त्याला काही होत नाही.

"चिंच तू माले नको शिकाडू," माय म्हणाली. तुकडे तिने फेकू दिले नाहीत. अंगणात विटा रचून त्यांवर ठेवून घेतले.

ग्रॅनाइट काळाकुळीत, १८ मिलिमीटर जाड. सिंकसाठी भोक पाडायला मिस्तरीने घरातच कटर लावला आणि पंधरा मिनिटांत आम्ही सगळे एका वयाचे दिसू लागलो. नवा ओटा ३३ इंचांवर, बायकोच्या मापाचा. माय त्याच्यापुढे उभी राहिली. ओटा थेट तिच्या कोपराशी. "आते माले काय झाडवर चढीसन सैपाक करना का?"

जाता जाता मिस्तरीने फर्मान काढलं, "सर, सिंकच्या बाजूला पट्टी नाजूक आहे. याच्यावर ठोकाठोकी करू नका."

खान्देशातल्या स्वयंपाकघरात ठोकायचं नाही! म्हणजे ठेचा वाटीत कालवायचा? भरिताची वांगी भाजून लाकडी बडगीत घालायची आणि मुसळीऐवजी त्यांना समजूत घालायची?

मग दारं लावायची वेळ आली. अकरा दारं दिसायला सारखी. प्रत्यक्षात एकेक सूत कमीजास्त, कारण १९८९च्या सुताराचा गुण्याशी संबंध आला नसावा. रात्री एकपर्यंत मी आणि मुलगा दारं अदलाबदल करत होतो. दहा बसली. अकरावं सिंकखालचं. ते बंद होतं, पण बंद राहत नाही. त्याला आम्ही रबरबँड लावलाय.

आखाजीच्या आदल्या रात्री सगळं तयार झालं. पिस्ता दारं, काळा आरसा झालेला ओटा. बायको त्यात बघून केस नीट करत होती.

सकाळी चारही बहिणी आल्या. आत जाऊन "अगं बाई" म्हणाल्या, फोटो काढले, थोरलीने रबरबँड ओढून पाहिला. आणि पदर खोचून चौघी अंगणात गेल्या.

कारण आखाजीला मांडे, म्हणजे हातांवर फिरवलेल्या मोठाल्या पुरणपोळ्या. मांडे मातीच्या खापरावर. आणि आमच्याकडे पालथं खापर चुलीवरच चढतं, गॅसच्या शेगडीवर नाही. हे मला, बायकोला, आम्हा दोघांनाही जन्मापासून माहीत होतं, आणि पंधरा दिवस दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मायच्या आलं असणार. ती एका शब्दाने बोलली नव्हती.

अंगणात तिने चूल पेटवून ठेवली होती. शेजारी विटांवर कडप्पा, बरोबर २९ इंचांवर. त्यावर कणकेचा गोळा, पुरणाचं पातेलं, आणि एका टोकाला बत्त्याने ठेचा कुटणं चाललेलं. धाकटी हातांवर मांडा फिरवत होती. चिंचेचा कोळही कडप्प्यावरच सांडला आणि कुणी पुसला नाही.

आत ग्रॅनाइटवर पाच मोबाइल चार्जिंगला लावले होते.

"वहिनी, मीठ कोठे शे?" धाकटीने ओरडून विचारलं. बायको आत गेली, एकामागून एक अकरा पिस्ता दारं उघडल्याचे आवाज आले, आणि ती शेजाऱ्यांकडून वाटीभर मीठ घेऊन आली.