सगळं श्रेय धातूला कशाला?
प्लास्टिकवर धातूच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून ते वीजवाहक करण्यावरचा लेख वाचला. त्यातलं "धातूचे आयन आत रुतले म्हणून प्लास्टिक वीज वाहू लागलं" हे वाक्य खटकलं. मग आर्गॉनचं काय? तो तर निष्क्रिय वायू, तरी त्याचे आयन मारले की पॉलिइमाइड या प्लास्टिकची फिल्म काळपट पडते आणि पृष्ठभागाचा विजेला होणारा रोध कित्येक पटींनी उतरतो. खरी करामत धडकेची. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, हायड्रोजन निसटतो (आयनांचा झोत सुरू होताच निर्वात चेंबरमधला दाब चढतो तो बऱ्याच अंशी यामुळेच) आणि मागे कार्बनने गच्च भरलेला थर उरतो, तोच वीज वाहतो. तांब्याचे आयन मारलेली फिल्म तापवत मोजली तेव्हा रोध घटतच गेला. प्रवाह धातूतून वाहत असता तर तापल्यावर रोध वाढायला हवा होता!

धातू अगदीच बिनकामाचा नाही म्हणा. डोस चौरस सेंटिमीटरला 10¹⁶ आयनांच्या वर गेला की चांदी-तांब्याचे नॅनोकण जमू लागतात, रंगही बदलतो. पण काही दहा किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला हा सगळा खेळ वरच्या शंभरेक नॅनोमीटरमध्येच आटोपतो. खालची अख्खी फिल्म जशीच्या तशी राहते, हे लेखात कुठेच आलं नाही.