आईचे हात १४० किलो पेलत नाहीत

गेल्या मंगळवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. वर ‘प्रत्येक गाडीवाल्याने वाचावे’, मध्ये न्यूटनचं चित्र, खाली सहा मुद्दे. असे मेसेज मी उघडतही नाही. पण संध्याकाळी वहिनीचा फोन आला, ‘‘ताई, ती बाळाची सीट घेऊ नका. मूल आईच्या मांडीवरच सगळ्यात सुरक्षित असतं म्हणे. विज्ञानाने सिद्ध झालंय, सूत्रासकट दिलंय त्यात.’’

माझी भाची अकरा महिन्यांची आहे. येत्या रविवारी तिचं जावळ काढायला सगळे पुण्याहून कोल्हापूरला निघालेत, महामार्गाने. आणि ते सूत्र म्हणजे बल = वस्तुमान × त्वरण, जे मी एकवीस वर्षं नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत आले आहे. त्याच सूत्राच्या नावाखाली कुणी तान्ह्या मुलांना मरणाच्या तोंडी देत असेल, तर गप्प बसवत नाही.

मेसेजमधला चौथा मुद्दा आधी घेते, कारण जीव त्याने जाणार आहे. ‘बाळाचे वस्तुमान कमी, म्हणून त्याच्यावरचे बलही नगण्य. आईची पकड कोणत्याही पट्ट्यापेक्षा मजबूत.’

वस्तुमान कमी आहे, बरोबर. पण सूत्रात गुणाकार आहे, आणि त्वरण, म्हणजे वेग किती झटकन बदलतो ते, कुठे गेलं? गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर झाड किंवा पुलाचा कठडा आला आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली. १४ ला ०.१ ने भागा. दर सेकंदाला वेग सेकंदाला १४० मीटरने बदलावा एवढं त्वरण झालं, गुरुत्वाच्या सुमारे चौदा पट. बाळ दहा किलोचं धरा. त्याला गाडीबरोबर थांबवायचं तर १४०० न्यूटन बल लागेल, म्हणजे हातांवर १४० किलोचा भार. सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या, अचानक, बेसावध असताना, झोपेत असताना. कोणत्या आईच्या हातात एवढं बळ आहे? हा मायेचा प्रश्नच नाही. जगातल्या कुठल्याही पैलवानाच्या हातून ते बाळ सुटेल.

दादालाही हे पटेना. म्हणून बुधवारी सकाळी त्याला घेऊन मी आमच्या शाळेमागच्या मोकळ्या मैदानात गेले. तो बेल्ट लावून शेजारी बसला, मांडीवर दहा किलो गव्हाच्या पिठाची पिशवी, दोन्ही हातांनी कवटाळलेली. ब्रेक मारणार हे त्याला सांगूनच ठेवलं होतं. ताशी वीसच्या वेगाला मी ब्रेक दाबला. पिशवी गुडघ्यांवरून सरकून ग्लोव्ह बॉक्सला जाऊन टेकली, त्याचे हात तिच्याबरोबर ओढले गेले. जोराच्या ब्रेकला त्वरण गुरुत्वाच्या पाऊण पटीच्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या हातांवर आलेला ओढा फार तर सात-आठ किलोचा. धडकेत तो त्याच्या जवळजवळ वीस पट असतो. दादा घरी येईपर्यंत काही बोलला नाही.

हातातून सुटल्यावर काय होतं, तेही सांगायला हवं. गाडी थांबली तरी बाळ ताशी ५० नेच पुढे जात राहतं. त्याला कुणी ढकलत नाही. थांबवायला काही नसतं म्हणून ते जातं, याला जडत्व म्हणतात. मग डॅशबोर्ड त्याला पाचेक सेंटिमीटरात थांबवतो, आणि तिथे बल एक-दोन टनांत मोजावं लागतं. ताशी ५० ची धडक म्हणजे दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिचंही सगळं वजन मागून बाळावर आदळतं. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर ती पापणी लवायच्या आत ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने उघडते. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी आहे. मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या समोर असतं.

आता पहिला मुद्दा: ‘गाडी एकसारख्या वेगाने जात असेल तर त्वरण शून्य, म्हणून बल शून्य, म्हणून सावकाश एका वेगात चालवणाऱ्याला बेल्टची गरज नाही.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या गाडीवर निव्वळ बल शून्यच असतं. पण बेल्ट काय त्या वेळेसाठी असतो का? धडकेत वेग ५० वरून शून्यावर येतो, आणि वेगातला तो बदल म्हणजेच त्वरण. वेग कमी होतो तेव्हाही त्वरण असतं, फक्त उलट दिशेने. सहामाहीला हे विसरणाऱ्या मुलाचे मी गुण कापते.

दुसरा मुद्दा मोठ्या माणसांना फार पटतो: ‘जुन्या गाड्या लोखंडाच्या होत्या, आताच्या कागदासारख्या चेपतात. जड गाडी घ्या.’

२००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. दोन्ही ताशी ४० मैलांनी, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरने, आणि वजनंही जवळपास सारखी. त्याची चित्रफीत बघा. त्या जुन्या, भक्कम दिसणाऱ्या गाडीत चालकाची जागाच उरली नाही, दार, छप्पर, स्टिअरिंग सगळं आत आलं. खरा माणूस असता तर तो वाचला नसता. नव्या गाडीचं बोनट चुरगळलं, आणि माणसाऐवजी आत बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा होईल एवढंच निघालं. बोनट चेपतं ते मुद्दाम. थांबायला सत्तर सेंटिमीटर मिळाले तर बल जेवढं येतं, त्याच्या साडेतीन पट ते वीस सेंटिमीटरात थांबल्यावर येतं. जाड पत्रा चेपत नाही, तेव्हा तो धक्का आत बसलेल्याला खावा लागतो.

वजनाचं एक मान्य करावं लागेल. जड गाडी हलक्या गाडीवर आदळली तर दोघींवर बल सारखंच येतं, पण जडीचा वेग कमी बदलतो आणि तिच्यातली माणसं बऱ्याचदा कमी भरडली जातात. हे खरं आहे. पण समोर वडाचं झाड असेल, मोरी असेल, पंचवीस टनांचा भरलेला ट्रक असेल, तर तुमच्या दोन टनांची मातब्बरी काय?

‘जड गाडी लवकर थांबते’ हा मुद्दा दोन ओळींत संपतो. वजन वाढलं की रस्त्याची पकड वाढते आणि थांबवायला लागणारं बलही तेवढंच वाढतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं. वेग दुप्पट झाला की मात्र थांबायचं अंतर चौपट होतं.

‘मागे बसणाऱ्यांना बेल्ट नको’ म्हणणाऱ्यांनी ४ सप्टेंबर २०२२ आठवावा. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. ते दोघं गेले, पुढे बसलेले दोघं वाचले. गाडी महागडी होती, जडही होती.

बेल्टने बरगड्या मोडतात, हा शेवटचा मुद्दा. होय, मोठ्या धडकेत कधी कधी मोडतात, छातीवर काळानिळा पट्टा उमटतो. व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ साली तीन टोकांचा बेल्ट आणला, तेव्हा भार छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर वाटून द्यायचा हाच विचार होता. मोडलेली बरगडी जुळते.

आणि कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बाळाच्या सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड आहे.

वहिनी, सीट मी काल आणलीय. मागच्या सीटवर बसवायची, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. ती पहिली दहा मिनिटं रडेल, साताऱ्याच्या आत झोपेल. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन बसवून देते, तुम्ही फक्त गाडीची किल्ली काढून ठेवा.