पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घ्या

गेल्या महिन्यात लोणंदहून एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "बाई, पोरगं बारावी सायन्स झालं. पायलटच व्हायचं म्हणतंय. पुण्यात एक कॉलेज बघून आलोय, तीन वर्षांचं. वर्षाला साडेतीन लाख. उद्या पहिला हप्ता भरायचाय. तुमची लेक त्यातलीच, म्हणून म्हटलं एकदा विचारावं."

मी म्हटलं, "भाऊ, उद्या भरू नका. आधी माझं ऐका."

तासभर बोललो. असे फोन मला सारखे येतात आणि दर वेळी तेच बोलते, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. कृपया शेवटपर्यंत वाचा, आणि ओळखीत कुणाचं मूल या वाटेवर असेल तर त्याच्या आईवडिलांना वाचायला द्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिग्री वेगळी आणि लायसन्स वेगळं. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसायला डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, कमर्शियल पायलट लायसन्स लागतं, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात. त्यासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय 18 पूर्ण, मेडिकल, डीजीसीएचे पेपर आणि 200 तासांचं फ्लाइंग. यात पदवी कुठेच नाही. बारावी कॉमर्स-आर्ट्समधून झालेली मुलंसुद्धा एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून फिजिक्स-मॅथ्सचे पेपर देऊन या वाटेला लागली आहेत. बी.एस्सी. एव्हिएशनला मी वाईट म्हणत नाही. 1928 पासून चालत आलेला बॉम्बे फ्लाइंग क्लबसुद्धा मुंबई विद्यापीठाची ही पदवी देतो, आणि उद्या काही कारणाने फ्लाइंग थांबलं तर पदवी हाताशी राहते. पण कॉलेजात गेलात की काउन्सिलरला एकच विचारा, या फीमध्ये उड्डाणाचे तास किती? मी हा प्रश्न पुण्यातल्याच एका केबिनमध्ये विचारला होता. टेबलावर विमानाचं चकचकीत मॉडेल होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, फ्लाइंग वेगळं." म्हणजे तीन वर्षांत दहा लाख भरून मुलगी एकदाही जमिनीवरून उठणार नव्हती.

आता डोळ्यांचं. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका सरांच्या मुलाची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊन. बारा लाख भरून झाले, हॉस्टेल लागलं, युनिफॉर्म शिवला, आणि मग मेडिकलला गेल्यावर कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. अठरा वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. ती पोराची चूक नव्हती, सरांचीही नव्हती. पण पैसे भरून घेणाऱ्याने आधी मेडिकल करून या, एवढंसुद्धा सांगितलं नाही, याचा मला आजही संताप येतो. सरांचे निम्मे पैसे गेले ते गेलेच.

ही तपासणी किती साधी असते बघा. माझ्या लेकीला मी साताऱ्यात आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक पातळ पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यात लपलेला आकडा. ती भराभरा वाचत गेली. बारा, आठ, एकोणतीस... पाच मिनिटांत काम झालं. अर्थात खरा निकाल डीजीसीएच्या मेडिकलचाच. आधी क्लास टू, ते पुण्या-मुंबईत डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे होतं, आणि मग क्लास वन, त्यासाठी आम्ही बंगळूरला हवाई दलाच्या संस्थेत गेलो. चष्मा असला म्हणून कुणी घाबरू नका, चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालतं. रंगांचं मात्र तसं नाही. काही हजारांत जे कळतं ते लाखो रुपये भरून कळू देऊ नका.

मेडिकलनंतर पेपर. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल, आणि रेडिओवर बोलायची आरटीआरची परीक्षा. पहिल्या चार पेपरांचं पासिंग 70 टक्क्यांना. त्याआधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षेला बसायचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी बोर्डाकडून मार्कशीटची पडताळणी. आमचं बोर्ड कोल्हापूरचं, त्या एका कागदासाठी दोन चकरा झाल्या. हे सगळं फ्लाइंग स्कूलमध्ये पाय ठेवण्याआधी, घरी राहून करता येतं. माझ्या लेकीने पुण्यात क्लास लावून पेपर काढले, एका खोलीत चौघी राहून. नेव्हिगेशनला पहिल्यांदा 64 आले तेव्हा रात्री फोनवर रडली. "आई, मला जमेल ना गं?" दुसऱ्या वेळी 81. यातून दोन गोष्टी साधतात. मुलाला हा अभ्यास झेपतो का, आवडतो का हे कळतं. आणि पुढे फ्लाइंग स्कूलचं हॉस्टेलचं भाडं भरत पेपरांची वाट बघावी लागत नाही.

यापुढे आमची चूक. ती सगळ्यात महाग पडली.

एका फ्लाइंग स्कूलने 42 लाख फी सांगितली. एकरकमी भरलंत तर चार लाख सूट. आम्ही भुललो. कोरेगावकडची दीड एकर विकली, ह्यांचा फंड काढला, 38 लाख एका चेकने दिले. वर्षभरात लायसन्स मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. चौदा महिने झाले तेव्हा लेकीच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, 61 तास होते. एकसष्ट! मी ते लॉगबुक हातात घेऊन पानं मोजली. मार्चमध्ये नऊ सॉर्टी, म्हणजे नऊ उड्डाणं. एप्रिलमध्ये दोन. जुलै कोरा. ऑगस्ट कोरा. पावसाळ्यात फ्लाइंग कमी होतं हे मला मान्य आहे. पण एप्रिलमध्ये कुठला पाऊस? एक विमान 100 तासांच्या तपासणीला लागलेलं, दुसऱ्याचा सुटा भाग यायचा होता, इन्स्ट्रक्टर एक सोडून गेलेला. मुलं तिप्पट घेतलेली. सकाळी साडेपाचला युनिफॉर्म घालून बसायचं आणि दुपारी तसंच खोलीवर परत यायचं. त्यात हात बसलेला सुटतो, म्हणजे पुन्हा इन्स्ट्रक्टरसोबत जादा सॉर्टी, त्याचे जादा पैसे. दहा महिने पत्रव्यवहार केला तेव्हा 17 लाख परत आले.

म्हणून सांगते, स्वस्त फी म्हणजे स्वस्त फ्लाइंग नव्हे. 200 तास किती महिन्यांत होतात यावर सगळा हिशोब ठरतो.

दुसरी शाळा शोधताना मी आठवडाभर रजा टाकली. एका धावपट्टीच्या कुंपणाबाहेर चहाची टपरी होती, तिथे दोन दिवस सकाळी साडेसहापासून बसले. पिशवीत लाइट बिल होतं, त्याच्या पाठीवर प्रत्येक विमानावरच्या नोंदणी क्रमांकातली व्हीटीपुढची तीन अक्षरं लिहून घेत होते. त्या शाळेच्या वेबसाइटवर अकरा विमानं होती. दोन दिवसांत उडालेली वेगवेगळी विमानं चार. टपरीवाल्या दादांनीच सांगितलं, "ताई, बाकीची मागं झाकून ठेवल्यात." तिथून निघाले. पुढच्या ठिकाणी कागदावर सात होती, मला सहा दिसली. तिथे शिकणाऱ्या मुलांना मेसबाहेर गाठलं. गेल्या महिन्यात किती तास झाले, नाइट फ्लाइंग इथेच होतं की दुसरीकडे पाठवतात, मागच्या वर्षी किती जणांचं लायसन्स झालं, हे त्यांच्याकडून ऐकलं. मग ऑफिसात गेले आणि तासांप्रमाणे हप्ते लिहून घेतले. जेवढं उडेल तेवढेच पैसे. तिथे उरलेलं फ्लाइंग अकरा महिन्यांत पूर्ण झालं.

ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली, तेव्हा कितीतरी आयांच्या पोटात गोळा आला असेल. विमानांची देखभाल कशी होते हे विचारणं हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला? 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करायला लागलंय, ती नक्की बघा. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, एवढ्यावरून काय ते समजा.

खर्च एवढा का, हे पुष्कळ जण विचारतात. या छोट्या विमानांना एव्हीगॅस नावाचं वेगळं इंधन लागतं. ते वर्षानुवर्षं बाहेरून आणावं लागायचं. इंडियन ऑइलने 2022 मध्ये ते इथे बनवून बाजारात आणलं, ही चांगली गोष्ट झाली. पण विमान, सुटे भाग, विमा सगळंच महाग. आमचे लायसन्स हातात येईपर्यंत 62 लाख गेले, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं मोठं विमान चालवायचं प्रशिक्षण, वेगळं. म्हणून खरंच परवडणाऱ्या वाटा कुठल्या ते सांगते.

उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. फी तिथेही 45 लाखांच्या आसपास, पण प्रवेश परीक्षेतून होतो आणि आरक्षण आहे. आपल्याकडे नागपूर फ्लाइंग क्लब सरकारी. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी तिथे वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. पुढची जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवा. गावाकडच्या मुलांपर्यंत अशा जाहिराती पोहोचतच नाहीत, हे मला फार लागतं. एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम, म्हणजे कंपनीने स्वतःसाठी पायलट घडवायचे कोर्स, नोकरीच्या दृष्टीने चांगले, पण त्यांचा आकडा कोटीच्या घरात जातो. परदेशात फ्लाइंग लवकर होतं हे खरं, मात्र परत येऊन ते लायसन्स इथलं करून घ्यावं लागतं, तो खर्च आणि वेळ आधीच धरा.

आणि एक वाट अशी, जिथे एक रुपयाही लागत नाही. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पोरं खडकवासल्याला सहलीला जातात, पण त्या फाटकातून हवाई दलाचा पायलट होता येतं हे त्यांना कुणी सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून मुलांची तयारी करून घेतेय, आणि आता नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था झालीय. दहावीनंतर लगेच याचा विचार करावा लागतो, बारावीनंतर उशीर होतो. हवाई दलाच्या निवडीतली पायलटची अभिरुची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा तयारीनेच जायचं. पण हे एअरलाइनला जायचं फुकट तिकीट नाही. ज्याला देशसेवेची ओढ आहे त्याच्यासाठीच ही वाट.

कर्जाचं थोडक्यात. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, म्हणजे घर किंवा जमीन गहाण. 2023 मध्ये इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर दिली, ते आकडे प्रत्येक काउन्सिलर तोंडावर फेकतो. ती विमानं एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. माझी लेक लायसन्स घेऊन सतरा महिने घरी होती. त्या काळात हप्ते चालूच होते. मी शाळेतून आले की ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत असायची आणि आम्ही दोघी नोकरीचा विषय काढायचो नाही. ते महिनेसुद्धा तुमच्या हिशोबात धरा. आज ती एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे.

लोणंदच्या भाऊंना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं."

काल संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. क्लास टू मेडिकल पास. पोरगं मार्कशीटच्या पडताळणीला कोल्हापूरला निघालंय. पैसे अजून कुणालाच भरलेले नाहीत.