निरोपाचे सहा प्रयोग

लांब पल्ल्याच्या पायवाटेवर पायाला फोड येतात, हे सगळे बजावून सांगतात. निरोप घेता येत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. फोडावर निदान टेप मिळते.

प्रकार असा असतो. सकाळी पाणवठ्यावर एक अनोळखी माणूस भेटतो. बाटल्या भरता भरता कुठून निघालात, कुठवर जाणार, सॅक किती किलोची, एवढं बोलणं होतं. मग आपण अगदी भरल्या आवाजात "चला, भेटू पुन्हा कधीतरी" म्हणून वाटेला लागतो. हे कधीतरी सव्वा तासात येतं.

यामागे गणित आहे. समजा आपण ताशी साडेचार किलोमीटर चालतो आणि दर तासाला पंधरा मिनिटं सॅक टेकवून बसतो. तो गृहस्थ ताशी ३.६ किलोमीटरनं चालतो, पण बसत म्हणून नाही. आपण तासात साडेचार किलोमीटर तोडून पंधरा मिनिटं पाय पसरतो, आणि त्याच पंचाहत्तर मिनिटांत तोही बरोबर साडेचार किलोमीटर येतो. आपण सॅकचा पट्टा खांद्यावर चढवायला आणि तो झाडामागून उगवायला एकच गाठ! दिवसाला २७ किलोमीटर धरले तर सहा भेटी आणि सहा निरोप.

पहिला निरोप मनापासूनचा असतो. दुसऱ्याला "अरे, पुन्हा तुम्हीच!" म्हणून दोघंही जरा जास्तच हसतात. तिसऱ्याला हवामान निघतं. चौथ्याला नुसती मान हलते. पाचव्या वेळी पावलं ऐकू आली की माणूस नीट बांधलेली नाडी सोडतो आणि खाली मान घालून पुन्हा बांधत बसतो. समोरच्यालाही हे कळतं, कारण मागच्या थांब्यावर त्यानंही तेच केलेलं असतं. सहावा निरोप मुक्कामावर होतो. त्याला निरोप म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या तंबूची दोरी आपल्याच तंबूच्या खुंटीशेजारून गेलेली असते.

यावर नवखे लोक वेग वाढवतात. तो उपाय चुकीचा आहे. पहिल्या पंधरवड्यात दामटून चाललं की नडगी धरते, मग पंधरा मिनिटांची बैठक अर्ध्या तासाची होते आणि गृहस्थ पुढे निघून वरच्या वळणावर आपली वाट पाहत उभा राहतो. काळजीनं! वेगाला हात न लावता बैठक पाच मिनिटांवर आणा. सरासरी ३.६ वरून ४.१ च्या वर जाते आणि सात तासांत साडेतीन-चार किलोमीटरचं अंतर पडतं. हे कागदावर चोख आहे. पण पुढे बर्फाच्या पाण्याचा ओढा असला तर सगळं मुसळ केरात. उन्हानं बर्फ वितळून तो दुपारनंतर फुगतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून शहाणी माणसं संध्याकाळी अलीकडेच थांबतात. आपणही थांबतो. अंधार पडायच्या आत गृहस्थ हजर.

मोठ्या वाटांवर तर सुटका नाहीच. अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. पुरी करायला साधारण पाच ते सात महिने लागतात. उत्तरेचं टोक थंडीआधी गाठायचं, म्हणून बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात. एकच दिशा, एकच मोसम आणि एक माणूसभर रुंदीची वाट. वरात म्हणायची ती हीच, फक्त नवरदेव नाही आणि कुणी आंघोळ केलेली नाही. गावात एक दिवस न चालता काढावा, म्हणजे 'झीरो' घ्यावा, तर २७ किलोमीटरनं मागे पडून सुटका होईल असं वाटतं. चौथ्या दिवशी गृहस्थ भेटतो, कारण त्यानं पुढच्या गावात झीरो घेतलेला असतो.

बरं, सोबत चालावं तर वाट चुकते. या ट्रेलवर झाडांवर साधारण दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे, जपून. एकटा माणूस ते पाहतो. दोघं गप्पा मारत चालले की पुढच्याला वाटतं मागचा बघतोय, मागच्याला वाटतं पुढचा बघतोय, आणि दोघं मिळून भलत्याच उताराला लागतात. दहा मिनिटं एकही पट्टा दिसला नाही तर शेवटचा दिसलेल्या जागेपर्यंत मागे फिरायचं, हा साधा नियम आहे. गप्पा रंगल्या असल्या की या दहा मिनिटांची चाळीस होतात.

समोरून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा शिष्टाचार आहे. ज्यानं तो केला तो उतरत असणार. चढणारा मनात प्रार्थना करत असतो की समोरच्यानं आधी यावं, म्हणजे तेवढंच मिनिटभर टेकता येईल. पण समोरचा सभ्य निघतो. कडेला सरकून हसत उभा राहतो आणि आपल्याला फुटलेल्या श्वासानिशी त्याच्यासमोरून झरझर चढून दाखवावं लागतं. वर धापेतून "थँक्यू" काढायचं ते निराळंच.

त्याला "किती राहिलं?" हे चुकूनही विचारू नका. तो "हे काय, वीस मिनिटं" म्हणेल आणि खोटं बोलत नसेल. त्याला उतरायला वीसच लागलेली असतात. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं ठोकताळा दिला तो बरा. सध्याच्या मापात पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पाठीवरचं ओझं, चिखल आणि गप्पिष्ट माणसं त्यात धरलेली नाहीत.

मुक्कामाला तीन भिंतींच्या लाकडी निवाऱ्यात आठ-दहा जण ओळीनं झोपतात. नाव सांगावं तर कपाळावरचा हेडटॉर्च लावलेला माणूस "हो का?" म्हणत आदरानं आपल्याकडे वळतो आणि पुढची पाच मिनिटं आपण आंधळे. त्याला लाल दिवा लावायला सांगा, किंवा हेडटॉर्च गळ्यात घालायला लावा. इथंच वजनाचे कीर्तनकारही भेटतात. अन्न-पाणी सोडून सॅक साडेचार किलोच्या खाली असली की ती अल्ट्रालाइट, हे त्यांचं ब्रीद. ते आपल्या टूथब्रशचा दांडा कापायला सांगतात, चार-सहा ग्रॅम वाचतात म्हणून, आणि स्वतः लिटरभर जास्तीचं पाणी बाळगतात. त्यांचा आवडता दाखला एमा गेटवुड यांचा. या बाई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून साध्या कॅनव्हासच्या बुटांत ही ट्रेल एकट्यानं पार करून गेल्या. वाटेत त्या अनोळखी लोकांच्या घरीही राहिल्या होत्या, हे कीर्तनातून नेमकं गळतं.

मग घोरणं. दिवसभर थकलेल्या घशाचे स्नायू सैल पडतात, उताणं झोपलं की आणखी, आणि घोरणाऱ्याला सगळ्यांच्या आधी झोप लागते हा सृष्टीचा न्याय. फोमचे बोळे नुसते कानात ठोसून चालत नाही. बोटांत लाटून अगदी बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. एवढं साधलं तर घोरणं लांबच्या ट्रकइतकं ऐकू येतं. पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरकुरवणाऱ्यावर मात्र बोळा चालत नाही. त्यानं सामान रात्रीच कापडी पिशव्यांत भरायला हवं होतं. तो भरत नाही. माझ्या मते घोरणाऱ्याला माफी आहे, याला नाही.

या सगळ्यांची खरी नावं कुणालाच ठाऊक नसतात. ट्रेलवर नाव दुसऱ्यांनी ठेवायचं, आणि ते बहुधा फजितीवरून पडतं. तंबूचे शिवण-जोड सील करायला विसरलेला माणूस पहिल्या पावसानंतर कायमचा 'गळका तंबू' होतो. आडनाव, धंदा, गाव यातलं काही न विचारता चार महिने जातात. त्याच्या अंगठ्याचं नख कधी काळं पडलं, हे मात्र तारीखवार माहीत असतं.

शेवटच्या टोकाला फोटो होतात, निरोप होतो, आणि परतीच्या बसच्या रांगेत सातवा होतो. तिथं एकदाचे नंबर घेतले जातात. वर्षभरानं, घरात जेवायला बसताना फोन वाजतो. पडद्यावर 'गळका तंबू'. घरचे विचारतात कोण, तर सांगायला नाव नाही. फोन उचलावा तर पलीकडून धापा टाकत प्रश्न येतो, "किती राहिलं?"