पाणी वाढलं म्हणजे बाळात व्यंग असतंच का?

आमच्या नात्यातल्या एका मुलीला आठवा महिना लागलाय. परवाच्या सोनोग्राफीत एएफआय, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याचं माप, २६ आलं आणि ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की बाळाभोवतीचं पाणी वाढलं म्हणजे बाळात व्यंग असतंच. आई पाणी आणि नारळपाणी जास्त प्यायली की ते वाढतं. डॉक्टर ते काढून टाकत नाहीत, कारण त्यांना सिझर करायचं असतं. आणि पाचव्या महिन्यातला स्कॅन नॉर्मल आला असला तरी तो खोटा समजा. खाली हात जोडलेली रांगभर चित्रं. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही.

पहिला दावा, व्यंग असतंच. अंगणात पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही, कुणी सडाही घातला असेल. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं, आणि या आवक-जावकीवर पाण्याची पातळी ठरते. जावक अडली की पाणी साठतं. अन्ननलिका मध्येच बंद असेल, जठराच्या पुढचं आतडं बंद असेल, किंवा मेंदूच्या वा स्नायूंच्या दोषामुळे बाळाला गिळताच येत नसेल, तर असं होतं. व्यंगाशी संबंध आहे तो इथे, आणि तो खरा आहे. पण आवक वाढली तरी पाणी साठतंच. आईची शुगर वाढली की बाळाचीही वाढते आणि ते जास्त लघवी करतं. एकच वार वाटून घेणारी जुळी असतील किंवा आरएच रक्तगट न जुळल्यामुळे बाळाचं रक्त कमी झालं असेल, तरी पाणी वाढू शकतं. आणि सगळं तपासूनही निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडतच नाही.

आता आकडे. अमेरिकेत डॅलसच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ६७२ गर्भवतींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एएफआय २५ ते ३० मधल्या सौम्य गटात सुमारे ८ टक्के बाळांत व्यंग होतं, ३० ते ३५ मध्ये १२ टक्के आणि ३५ च्या वर ३१ टक्के. म्हणजे सगळ्यात वाईट गटातसुद्धा दहातल्या जवळपास सात बाळांत व्यंग नव्हतं. पाण्याचा प्रश्न नसतानाही शंभरात दोन-तीन बाळं मोठं व्यंग घेऊन जन्मतात, हेही या आकड्यांशेजारी ठेवून बघा. तेव्हा रिपोर्टवर नुसतं 'पाणी जास्त' वाचून घाबरण्याआधी किती जास्त ते विचारायचं. २६ आणि ३८ यांत फार फरक आहे.

पाणी पिण्याचा दावा थोडक्यात निकालात निघतो. आईनं भरपूर पाणी प्यायलं तर कमी असलेलं गर्भजल थोडं सुधारू शकतं, बहुधा त्यावरूनच हे सुचलं असावं. पण प्यायल्यामुळे हा आजार होत नाही आणि तहान मारल्यानं तो जात नाही. एप्रिलच्या उन्हात आठव्या महिन्यातल्या बाईचं पाणी तोडणं हा शुद्ध अत्याचार आहे. विचारायचं असेल तर शुगरचं विचारा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात आणि साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. आमच्या मुलीची पहिली झाली होती, दुसरी राहून गेली होती. फॉरवर्ड वाचलेल्या वीस माणसांपैकी एकानंही तिला ते विचारलं नव्हतं.

सुईनं पाणी काढता येतं, पण ते पुन्हा भरतं आणि त्या सुईनं कळाही सुरू होऊ शकतात. म्हणून आईला श्वास घेणं जड जात असेल तरच काढतात. नुसतं पाणी जास्त हे सिझरचं कारण नाही. सौम्य आणि कारण न सापडलेल्या वाढीव पाण्यासाठी ३९ आठवड्यांआधी कळा आणू नयेत, असं अमेरिकेतल्या माता-गर्भतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय. खरी भीती वेगळीच आहे. पाणी एकदम फुटलं तर त्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. ताणलेली गर्भपिशवी बाळंतपणानंतर नीट आकसली नाही तर रक्तस्राव होतो. म्हणून रक्ताची सोय असलेलं रुग्णालय आधीच ठरवायचं, आणि पाणी फुटलं की आंघोळ आणि बॅग आवरण्यात वेळ न घालवता निघायचं.

राहिला स्कॅन. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे, म्हणून तोच दावा जास्त घातक. १८ ते २० आठवड्यांचा स्कॅन खोटा नसतो, तो त्या दिवसाचा असतो. कवटी तयार न होणं त्यात दिसतं. पण आतडं बंद असल्याची खूण, म्हणजे पोटात शेजारी-शेजारी दिसणारे दोन फुगे, बऱ्याचदा नंतर उमटते. बंद अन्ननलिका तर सहसा थेट दिसत नाही. जठर लहान दिसतं किंवा दिसत नाही, एवढाच सुगावा, आणि जन्माआधी अशी निम्मी बाळंही ओळखली जात नाहीत. म्हणून पाणी वाढलं की स्कॅन पुन्हा करतात आणि जठर, हृदय, बाळाची हालचाल, वार, सगळं नव्यानं बघतात. डॅलसच्या त्याच अभ्यासात स्कॅन नॉर्मल आल्यावर उरलेली शक्यता सौम्य गटात १ टक्का होती, ३५ च्या वरच्या गटात ११.

आमच्या मुलीच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये जठर नीट दिसलं. तरी डॉक्टरांनी बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवून ठेवलंय. जन्मल्यावर तोंडातून एक बारीक नळी जठरापर्यंत जाते का ते बघायचं, आणि मगच पहिलं दूध. आजीबाईंनी चांदीच्या वाटीत मध काढून ठेवलाय. अन्ननलिका बंद असलेल्या बाळाला तो चाटवला तर फुफ्फुसात जाईल, आणि एरवीही वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, हे त्यांना मीच सांगितलं. वाटी सध्या फडताळात वरच्या फळीवर आहे.