परवे लिहिलंय म्हणून

सकाळपासून डोकं तडकलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आज सातच्या सुमाराला आपल्या इथल्या, इस्रायलमधल्या अश्दोदच्या, ग्रुपवर मेसेज आला. एका कंपनीच्या वेफर बिस्किटांच्या पुड्यावर चुकून 'परवे', म्हणजे दूध-मटण नसलेलं, छापलंय, आत दुधाची पावडर आहे, कश्रुत (खाण्यापिण्याचे आमचे धर्मनियम) पाळणाऱ्यांनी सावध राहावं. खाली लॉट नंबर, तारीख, सगळं व्यवस्थित. ज्याने पाठवलं त्याचं भलं होवो. पण मग जी जत्रा भरली! "काल मटणानंतर दोन खाल्ली, आता काय?" "बसारी बशीत काढली होती, बशी बाद का?" "मी सहा तास थांबलेच नव्हते हो!" एकीने तर रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावून त्यांच्या उत्तराचा ऑडिओ टाकला. दुपारपर्यंत साठ-सत्तर मेसेज. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. 'ॲलर्जी' हा शब्द एकाच्याही तोंडी नाही. एकाच्याही!

ठाण्याच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणी हे वाचतात, त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ज्यूंमध्ये मटण आणि दूध एकत्र खात नाहीत, मटणानंतर दुधाचं खायला सहा तास थांबतात. दुधाचं ते हलावी, मटणाचं (कोंबडीही त्यातच) ते बसारी, आणि दोन्ही नाही ते परवे: भात, भाजी, अंडं, मासे, नारळ. आमच्या कोंबडीच्या रश्श्यात नारळाचं दूध का, तर याचसाठी. आणि तुमच्याकडच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे परवे नव्हे. हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, अंडं चालत नाही. आमच्या परवेचं नेमकं उलटं. कोकणातून आलेल्या आत्या अजूनही यात गोंधळतात.

तर आता ज्यांना दुधाची ॲलर्जी असलेलं पोर घरात आहे, त्यांनी 'परवे' हा शब्द कसा वाचायचा? आम्ही वाचायचो तो असा: "दूध नाही, दे पोराला." माझ्या मुलीचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या थोरल्या बहिणीला, आठ वर्षांची आहे ती, आम्हीच शिकवलं होतं: पुड्यावर परवे लिहिलंय का बघ, मग त्याला दे. मीच शिकवलं होतं.

गेल्या वर्षी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सकाळी आमचे हे तेफिलाला, प्रार्थनेला, निघायच्या बेतात होते. पोरगी धावत आली, "आजी, तो कसातरी करतोय." ओठ फुगलेले, गळ्यापासून पोटापर्यंत गांधी उठलेल्या, आणि श्वासाला ती घरघर. मुलीने पर्समधलं इंजेक्शन काढलं आणि विजारीवरूनच मांडीत टोचलं. आणि आमचे हे, जे चाळीस वर्षांत शब्बाथला दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत, त्यांनी माझ्या हातातला फोन ओढून 101 लावला. मागेन दावीद आदोमची, इथल्या ॲम्ब्युलन्स सेवेची, गाडी येईपर्यंत दारात उभे होते, डोक्यावर किप्पा (आमची प्रार्थनेची टोपी) आणि कानाला फोन. जीव वाचवायला शब्बाथ मोडावाच लागतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. पाहिलं त्या दिवशी.

पोरगा बरा आहे. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात कार्टून बघत होता. माझेच हात पुढे आठवडाभर थरथरत होते.

त्याने खाल्लेल्या बिस्किटावरही परवेच छापलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

आता काही जण म्हणतील, यात कश्रुतवाल्यांचा काय दोष? मान्य. मश्गियाख, म्हणजे कश्रुत तपासणारा, काही डॉक्टर नाही. त्याने मटण-दुधाचं बघायचं, पालेभाजीत किडे बघायचे, भट्टी कोणी पेटवली ते बघायचं. आणि खरं सांगायचं तर असली छपाईची चूक बऱ्याचदा सापडते ती त्याच्यामुळेच. एवढं मान्य केलं मी.

पण मग आपल्याला तरी कळायला नको का, की तो परवेचा शिक्का नक्की काय सांगतो? शास्त्रात साठावा हिस्सा आहे. साठ वाट्या रश्श्यात चुकून एक वाटी दूध सांडलं आणि चव लागत नसेल, तर रस्सा बाद होत नाही. मुद्दाम ओतायचं नाही, चुकून पडलं तर. धर्माच्या दृष्टीने बरोबरच आहे, मी कोण त्यात बोलणार. पण माझ्या नातवाला साठावा हिस्सा लागत नाही हो, त्याला एक थेंब पुरतो. चॉकलेटच्या मशिनी तर पाण्याने धूतही नाहीत, पाणी आणि चॉकलेटचं जमत नाही म्हणून. आधी दुधाचं चॉकलेट गेलं, मग काळं गेलं, मागचा अंश पुढच्यात आलाच. आणि काळ्यावर आपण आंधळेपणाने विश्वास टाकतो.

अमेरिकेत राहणारी माझी भाची सांगते, तिकडच्या कश्रुतच्या शिक्क्यात वर्तुळातल्या यू अक्षराशेजारी एक बारका डी असतो, दुधाच्या पदार्थाला. तो डी छापायचा राहिला की तिकडेही असाच इशारा निघतो. एक अक्षर! एकाच्या घरी त्या अक्षरापायी भांडं बाद होतं, दुसऱ्याच्या घरी ॲम्ब्युलन्स येते. बातमी तीच असते ना? मग सांगताना अर्धीच का सांगता?

शिक्का बरोबर म्हणजे माल बरोबर, हे आपल्या डोक्यातून जातच नाही. 2003 विसरलात? बाळांची ती सोयाबीनची पावडर, रेमेडियाची. जर्मनीत बनलेली, खास इथल्यासाठी, परवे, कोशर (कश्रुतमध्ये बसणारी), सगळं चोख. फक्त बी1 जीवनसत्त्व नव्हतं. बाळं दगावली, किती तरी आयुष्यभरासाठी अधू झाली. शिक्क्यात खोट नव्हतीच. आणि 2022 चा एप्रिल? पेसाखचा सण नुकताच संपलेला, आणि साल्मोनेला जंतूपायी देशभरातून चॉकलेटं परत मागवली. आमच्या शेजारणीने पिशवी भरून खाली कचऱ्यात टाकली आणि वर म्हणते कशी, "पण कोशर होती ना!"

शिक्क्याच्या दरबाराबद्दल माझं मन तसंही फार मऊ नाही, हे तुम्हाला माहीत आहे. साठच्या दशकात शिक्का देणाऱ्या याच रब्बीखात्याने आम्हा कोकणातल्या ज्यूंची, बेने इस्रायलांची, लग्नं लावायच्या आधी आजी-पणजीपर्यंतची कुळी तपासायला सांगितली होती. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, खवले-पर नसलेला मासा ज्यांनी घरात आणला नाही, त्यांच्याकडे ज्यू असल्याचा दाखला मागितला! आपली माणसं 1964 ला यरुशलेममध्ये पोरंबाळं घेऊन बसली तेव्हा कुठे माघार झाली. माझे वडील त्यात होते. म्हणून सांगते, कागदापुढे फार वाकू नये.

विषय भरकटला. आजच्या मेसेजवर येते.

सरकारी बाजूनेही गंमतच. आरोग्य मंत्रालय परत मागवलेल्या मालाची यादी साइटवर टाकतं, हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण कोण उघडतं ती? तुम्ही उघडता? मी नाही उघडत. आपण ग्रुप उघडतो. खोट्या कश्रुतवर 1983 पासून कायदा आहे, त्याचे इशारे आपण तासाभरात लोदपासून दिमोनापर्यंत पोचवतो. ही आपली ताकद आहे, चेष्टा नाही करत. तेवढ्याच ताकदीने त्यात एक ओळ वाढवायची: "दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी अजिबात खाऊ नये, पुडा टाकून द्या." बोटं झिजतील का?

आता जे लिहिणार आहे ते वर्षभर कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही अर्धवटच.

त्या शब्बाथच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी कोंबडी चढवत होते तेव्हा त्या बिस्किटांचा मेसेज मला आला होता. मी वाचला. माझ्याच घरातला पुडा, तोच लॉट. हात पुसले, रात्रीच्या जेवणानंतर द्यायला काढून ठेवलेला तो पुडा उचलला, कारण जेवण मटणाचं, आणि नेऊन दुधाच्या पदार्थांच्या वेगळ्या खणात ठेवला. चहासोबत होतील म्हणून. मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं वेळेवर कळलं, नाहीतर शब्बाथच्या टेबलावर घोळ झाला असता. नातू आमच्याकडेच मुक्कामाला होता. पलीकडच्या खोलीत उड्या मारत होता, आवाज येत होता मला.

सकाळी पोरीने खण उघडला. पुड्यावर परवे. तिने शिकवल्याप्रमाणे वाचलं आणि भावाला दिलं.

ती अजून मला विचारते, "आजी, माझं चुकलं का?" मी काय सांगू तिला.

आता ती दुकानात प्रत्येक पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचते. मागे लोक ट्रॉल्या घेऊन खोळंबतात, ती हलत नाही. परवा म्हणाली, "यात खालाव, दूध, लिहिलं नाहीये, पण मेई ग्वीना लिहिलंय. चीजचं पाणी. म्हणजे दूधच ना?" आठ वर्षांची पोर. मागचे आजोबा चुकचुकत होते, त्यांना म्हटलं, थांबा जरा.

सकाळी ग्रुपवर रागावून लिहिणार होते, आता तेवढा राग नाही उरला. तुम्ही सगळे बशीचं विचारत होतात, मीही गेल्या वर्षी तेच केलं असतं. केलंच.

मघाशी मीच ग्रुपवर ती ओळ टाकली, ॲलर्जीवाली, पुडा फेकून द्या म्हणून, लॉट नंबरसकट. चार अंगठे आले. आणि आत्ता, हे टाइप करत असताना, खाली पहिला प्रश्न आलाय: "फेकायला कशाला हवा? दुधाच्या खणात ठेवला तर चालेल ना?"